विहिरीवरील वीज व आपली जबाबदारी

मार्गशीर्ष लागला, हरभरा फुलावर आला आणि गव्हाला पाणी देण्याचे दिवस आले, कीं वाशीमच्या आसपासच्या शिवारांत रात्रीं ठिकठिकाणीं लहान लहान दिवे हालतांना दिसतात. सडकेनें जाणाऱ्या प्रवाशाला तें दृश्य मोठें मनोहर वाटतें. परंतु त्या प्रत्येक दिव्यामागें एक माणूस ओल्या चिखलांत अनवाणी उभा असतो, आणि त्याच्यापासून थोड्याच अंतरावर विहिरीच्या कांठीं एक लोखंडी पेटी असते, ही गोष्ट त्या प्रवाशाच्या ध्यानीं येत नाहीं. खेद एवढाच कीं, शहरांत राहून खेड्यांतल्या जमिनीचें उत्पन्न खाणाऱ्या आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांच्याही ती ध्यानीं येत नाहीं. आजचा हा लेख त्यासाठींच आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा निघाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. खरिपांत सोयाबीन, तूर व कपाशी, रब्बींत हरभरा व गहूं, असा येथील क्रम आहे, कारखानदारी बेताचीच. त्यामुळें 'कामावर होणारे विजेचे अपघात' असें म्हटल्याबरोबर मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें गिरणी अगर कारखाना उभा राहील, पण आमच्याकडे कामाची जागा म्हणजे विहीर, शेताचा धुरा, डीपी आणि विजेचा खांब. कारखान्यांत निदान एखादा जाणता अभियंता असतो, भिंतीवर सूचनांची पाटी असते. विहिरीवर मात्र मालक जे सांगेल तोच नियम, आणि मालकानें कांहींच सांगितलें नाहीं तर कोणताच नियम नाहीं.

आमच्याच घरची हकीकत

दुसऱ्याच्या चुका सांगण्यापूर्वीं स्वतःची सांगतों. आमचें एकत्र कुटुंब वाशीम शहरांत राहतें. मंगरूळपीर तालुक्यांत वडिलार्जित थोडी जमीन आहे. तिची देखरेख धाकटे काका करतात, आणि प्रत्यक्ष राबणें सालगड्याकडे असतें. तो व त्याची बायको शेतावरच राहतात. कांहीं वर्षांपूर्वीं भाद्रपदांत ती बाई भाजी घेऊन घरीं आली असतां सहज आईला म्हणाली, "बाई, विहिरीवरची पेटी चावते जी." पेटी चावते, या शब्दांचें आम्हां सर्वांस हंसूं आलें. काका म्हणाले, "त्याला म्हणावें, लाकडी पाटावर उभा राहून बटन दाब." इतक्यावर तो विषय संपला. पुढें दसरा झाला, दिवाळी झाली. पेटीची आठवण कोणालाही राहिली नाहीं.

पौषांतल्या एका रात्रीं दीड वाजतां लाइट आली. ओलीत चालू असतां मोटर मध्येंच थांबली, म्हणून गडी पेटीपाशीं गेला. पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. झांकण उघडण्यासाठीं त्यानें हात लावला, आणि हात तेथेंच चिकटला. ओरडावें तर तोंडांतून शब्द निघेना. बरोबर त्याचा चौदा वर्षांचा मुलगा होता. त्यानें बापाला मिठी मारली नाहीं. शाळेंत गुरुजींनीं सांगितलेलें त्या क्षणीं त्याला आठवलें, आणि मचाणाखालची वाळलेली सागाची काठी उचलून त्यानें बापाच्या मनगटावर जोरानें मारली. हात सुटला, माणूस वांचला. उजव्या हाताचीं दोन बोटें मात्र कायमचीं वांकडीं झालीं.

दुसऱ्या दिवशीं परवानाधारक वायरमनला नेऊन पेटी उघडविली. आंतल्या एका तारेचें आवरण घासून ती पत्र्याला टेंकलेली होती. अर्थिंगची तार दोन वर्षांपूर्वीं वखराला अडकून तुटली होती; तिचें वेटोळें करून कोणीं तरी खिळ्याला टांगून ठेविलें होतें. फ्यूजच्या जागीं जाड तारेचा पीळ होता. सारें दुरुस्त करण्यास जो खर्च आला तो त्या वर्षींच्या आमच्या दिवाळीच्या फराळाहून कमी होता. काकांनीं दोन्ही आंकडे वहींत शेजारी शेजारी मांडून दाखविले. त्या रात्रीं पंक्तीला कोणी कोणाशीं फारसें बोललें नाहीं. त्या बाईनें तीन महिने आधीं सूचना दिली होती. आतां दैवाला बोल लावण्याची सोय आम्हांस राहिली नव्हती.

धक्का म्हणजे काय?

अंगांतून किती प्रवाह गेला, कोणत्या मार्गानें गेला आणि किती वेळ गेला, या तीन गोष्टींवर धक्क्याचा परिणाम अवलंबून असतो. घरांतील वीज २३० व्होल्टांची असते. शेतपंपाच्या तीन फेजांत परस्परांमध्यें सुमारें ४०० व्होल्ट असतात. एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, एवढा प्रवाह अंगांतून गेला तर नुसत्या मुंग्या येतात. दहा ते सोळा मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू असे आंवळतात कीं मनुष्याला पकड सोडवितां येत नाहीं. 'हात चिकटला' असें आपण म्हणतों तें हेंच. वीज ओढून धरीत नाहीं, आपलेच स्नायू आपलें ऐकत नाहींत. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनीं स्वयंसेवकांवर जपून प्रयोग करून ही मर्यादा मोजली. याहून अधिक प्रवाहानें श्वास कोंडतो, आणि पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातींतून गेल्यास हृदयाची नियमित धडधड मोडून त्याची नुसती थरथर सुरू होते. अशा हृदयांतून रक्त पुढें ढकललें जात नाहीं.

आतां साधा हिशेब पाहा. कोरड्या कातडीचा विरोध पुष्कळ असतो, पण भिजलेल्या हातापायांनीं चिखलांत उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध एक हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टांस एक हजारानें भागलें म्हणजे २३० मिलिअँपिअर. साठ वॅटच्या जुन्या कांचेच्या दिव्यांतून सुमारें २६० मिलिअँपिअर प्रवाह जातो. म्हणजे एक लहानसा दिवा लावण्यास जेवढी वीज लागते, तितकीच माणसाचा जीव घेण्यास पुरेशी होते. आपल्या देशांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्यानें दर वर्षीं दहा हजारांहून अधिक माणसें दगावत आलीं आहेत, यांत नवल तें काय!

मूळ दोष कोठें?

पहिला दोष अर्थिंगचा. पेटीच्या पत्र्यांत वीज उतरली तर तिला माणसाच्या अंगाऐवजीं जमिनीचा सोपा मार्ग मिळावा, म्हणून अर्थिंग असतें. आमच्या काळ्या कसदार भुईचा एक विशेष येथें ध्यानांत घेतला पाहिजे. ही जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आटून तिला हातहात भेगा पडतात. पहिल्यानें विजेचे खांब कलतात व तारा लोंबतात. दुसऱ्यानें अर्थिंगच्या खड्ड्यांतील ओल नाहींशी होऊन त्याचा उपयोग उरत नाहीं. म्हणून त्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत नियमानें पाणी घालावें, आणि वर्षांतून एकदां त्याची तपासणी करून घ्यावी.

दुसरा दोष फ्यूजविषयींच्या गैरसमजाचा. फ्यूज आहे म्हणून माणूस सुरक्षित आहे, असें पुष्कळांस वाटतें. पंधरा अँपिअरचा फ्यूज म्हणजे पंधरा हजार मिलिअँपिअर. माणूस तर शंभरांतच संपतो. फ्यूज यंत्राचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. माणसाच्या रक्षणासाठीं गळती ओळखून क्षणार्धांत प्रवाह तोडणारी निराळी कळ मिळते. तिला आरसीसीबी म्हणतात. घरासाठीं ती तीस मिलिअँपिअरची बसवावी, व विहिरीवर कोणती चालेल तें परवानाधारक वायरमनला विचारावें. तिच्यावर 'टेस्ट' लिहिलेलें एक बटन असतें. महिन्यांतून एकदां तें दाबून पाहणें हें घरांतील कोणाही जाणत्या मुलाचें काम आहे.

तिसरा दोष 'ऑटो'चा. रात्रीं उठण्याचा त्रास वांचावा म्हणून स्टार्टरला ऑटो-स्विच बसवितात. लाइट आली कीं मोटर आपोआप सुरू होते. परंतु लाइट नाहीं असें समजून कोणी मोटर दुरुस्त करीत असेल तर त्याच्या हातांतच ती चालू होते. शिवाय एका डीपीवरील सर्व मोटरी एकाच क्षणीं सुरू झाल्यानें डीपीवर भार पडून ती जळते. दुरुस्तीच्या वेळीं मुख्य कळ बंद करून फ्यूज काढून स्वतःच्या खिशांत ठेवावे. कपॅसिटर असेल तर त्यांत वीज बंद झाल्यावरही कांहीं वेळ विद्युत्भार राहतो, हें विसरूं नये.

चौथा दोष सर्वांत घातक. डीपीवरचा फ्यूज गेला, पीक वाळूं लागलें, आणि लाइनमन येईपर्यंत दम निघेना, कीं गांवांतला कोणी धाडसी तरुण काठी घेऊन डीपीवर चढतो. ज्याला ना नेमणूक, ना शिक्षण, ना हातमोजे, अशा या माणसाला लोक 'झिरो वायरमन' म्हणतात. त्याला वर चढविणारे मात्र आपणच असतों. डीपीच्या वरच्या अंगास ११,००० व्होल्ट असतात. तेथें कोरडी काठी व रबरी चप्पल यांचा कांहीं उपयोग नाहीं. अशा वेळीं महावितरणच्या कार्यालयांत अगर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एक पाणी चुकलें तर पीक थोडें कमी येईल. गेलेला मुलगा मात्र परत येत नाहीं.

याखेरीज दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. रोही व रानडुकरें यांपासून पिकाचें रक्षण करण्यासाठीं कांहींजण धुऱ्यावरील तारेंत सरळ घरची वीज सोडतात. हा गुन्हा आहे, आणि त्या तारेवर पहिला पाय बहुधा जागलीस निघालेल्या आपल्याच माणसाचा पडतो. दुसरी गोष्ट सुगीची. सोयाबीनची सुडी, मळणीयंत्र किंवा कुटारानें भरलेली गाडी लोंबत्या तारांखालीं कधींही आणूं नये. नव्या सौर पंपांमुळें रात्रींची जागरणें टळतात ही मोठी सोय झाली. पण ऊन असेपर्यंत त्यांच्या पट्ट्यांतून वीज येतच राहते, तेव्हां त्यांच्या जोडण्याही जाणत्याखेरीज कोणीं उघडूं नयेत.

खांबावर चढणारा माणूस

आपल्या घरची लाइट गेली कीं आपण लाइनमनवर चिडतों. त्याचें काम कसें चालतें तें थोडें समजून घ्यावें. ज्या तारेवर काम करावयाचें ती उपकेंद्रांतून बंद करवून त्यानें परमिट घ्यावयाचें, तारेंत वीज नाहीं याची परीक्षा करावयाची, कामाच्या दोन्ही बाजूंस तारा अर्थ करावयाच्या, आणि मगच पट्टा बांधून वर चढावयाचें. यांतील एक पायरी गाळली तरी मृत्यु जवळ येतो. आपल्या घाईनें आपण त्याला पायरी गाळावयास लावतों. आणखीही एक गोष्ट आपल्या हातीं आहे. आपल्या घरांतील जनित्र अगर इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल, तर त्याची वीज उलट तारेंत शिरून खांबावरच्या माणसाला मारूं शकते. तेव्हां ही जोडणी योग्य माणसाकडूनच करून घ्यावी.

गृहिणींनींही एक नजर घराकडे टाकावी. ओल्या फरशीवर उभें राहून धुण्याचें यंत्र चालविणारी मोलकरीण, गच्चीवर लोखंडी शिडी घेऊन चढलेला रंगारी, गणपतीच्या आराशीसाठीं उघड्या तारा जोडणारा शेजारचा मुलगा, हींही कामावरचींच माणसें आहेत. यंत्राला तीन दांड्यांची पिन असावी, शिडी लाकडी असावी, आणि 'थोडा झटका येतो' असें कोणीं म्हटलें कीं तें यंत्र त्याच क्षणीं बंद व्हावें.

अपघात झाल्यास

प्रथम वीज तोडावी. माणसाला हात लावूं नये. कळ जवळ नसेल आणि वीज घरगुती दाबाची असेल, तर कोरड्या जागेवर उभें राहून कोरड्या लांकडानें त्याला तारेपासून दूर करावें. डीपीवरची किंवा मोठ्या लाइनची तार असेल तर दहा मीटरच्या आंत जाऊंच नये. लाइन बंद झाल्याचें महावितरणकडून कळेपर्यंत इतरांसही थोपवावें. तुटलेल्या तारेजवळ आपणच सांपडलों तर पाय जुळवून, ते न उचलतां घासत घासत दूर व्हावें. लांब ढांग टाकल्यास दोन पायांमधून प्रवाह जातो.

नंतर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि माणूस हांक मारल्यास ओ देतो काय व त्याचा श्वास नीट चालतो काय तें पाहावें. मधूनमधून आचके देणें हा श्वास नव्हे. श्वास नसेल तर त्याला कठीण जमिनीवर उताणें निजवून, छातीच्या मधोमध तळहाताची टांच ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, मिनिटास शंभर ते एकशेंवीस या गतीनें, पांच ते सहा सेंटिमीटर खोल दाबीत राहावें. शिकलेला असेल त्यानें तीस दाबांमागें दोन वेळां तोंडानें श्वास द्यावा. इतरांनीं नुसतें दाबलें तरी चालेल. एकेक मिनिट उशिरानें वांचण्याची आशा शेंकडा सात ते दहांनीं कमी होते. कोणी म्हणतात, धक्का बसलेल्यास मातींत पुरावें, राख चोळावी; यांत तोच अमोल वेळ जातो. मातींत पुरल्यानें वीज निघत नाहीं, कारण तार सुटतांच ती अंगांत उरलेलीच नसते. म्हणूनच वीज तोडल्यावर त्या माणसाला शिवण्यास भिण्याचें कारण नाहीं.

या छाती दाबण्याच्या उपायाचा इतिहास फार बोधप्रद आहे. तो प्रथम एकट्या डॉक्टरांस सुचला नाहीं. अमेरिकेंतील वीज कंपन्यांचे लाइनमन धक्क्यानें मरत, त्याची चिंता वाटून १९२० ते १९३० च्या दशकांत संशोधनास चालना मिळाली. आणि तें काम हातीं घेणारे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम कौवेनहोवेन हे विजेचे अभियंते होते. त्यांनीं जूड व निकरबॉकर यांच्यासह १९६० मध्यें ही रीत प्रसिद्ध केली. आज जगभर हृदय बंद पडलेल्या लक्षावधि रोग्यांवर जो उपाय केला जातो, त्याचें मूळ खांबावर मेलेल्या कामगारांविषयींच्या कळकळींत आहे. १९६७ सालीं फ्लोरिडांतील जॅक्सनव्हिल येथें एक लाइनमन धक्का लागून पट्ट्याला उलटा लोंबत राहिला असतां त्याच्या सोबत्यानें खांबावरच तोंडानें श्वास देऊन त्याला परत आणलें. त्या प्रसंगाच्या छायाचित्रास पुढच्या वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि तो वांचलेला मनुष्य पुढें २००२ पर्यंत जगला.

शुद्धीवर आलेला माणूस 'मला कांहीं झालें नाहीं' म्हणाला तरी त्याला रुग्णालयांत नेलेंच पाहिजे. वरून भाजल्याची खूण लहान दिसते, पण आंत स्नायू जळलेले असूं शकतात. त्यामुळें लघवी काळसर होऊन मूत्रपिंडांस धोका पोंचतो, आणि हृदयाची गति मागाहूनही बिघडूं शकते. आमच्या गड्याची लघवी दुसऱ्या दिवशीं काळसर झाली, तेव्हां डॉक्टरांनीं हेंच समजावून सांगितलें. भाजलेल्या जागीं वीस मिनिटें साधें गार पाणी सोडावें आणि स्वच्छ कपडा झांकावा. हळद, शाई अगर टूथपेस्ट लावूं नये. खांबावरून पडलेल्या माणसाची मान हलवूं नये.

कायदा व आपलें कर्तव्य

२००३ च्या विद्युत कायद्यान्वयें विजेच्या अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकास द्यावी लागते व तो चौकशी करतो. म्हणून जागा जशीच्या तशी ठेवावी. २००२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मध्य प्रदेश वीज मंडळाच्या एका खटल्यांत असा निकाल दिला कीं, तुटलेल्या तारेनें वाटसरू मेल्यास, मंडळाचा निष्काळजीपणा सिद्ध न झाला तरीही भरपाईची जबाबदारी मंडळावर येते. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात. परंतु ती योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति यांच्यासाठीं आहे. आमच्या शेतांत रात्रीं पाण्यांत उभा राहणारा भूमिहीन गडी तिच्यांत बसत नाहीं. घरीं पांघरुणांत निजलेले आम्ही बसतों! २०१५ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत मात्र बँकेंत खातें असणाऱ्या अठरा ते सत्तर वर्षांच्या कोणासही वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात-विमा उतरवितां येतो. ज्या घरांत गडीमाणसें आहेत त्या घरानें हे वीस रुपये आपल्या खर्चांत धरावे. अर्थात् विमा हा दुरुस्तीचा मोबदला नव्हे.

खंडेनवमीस आपण घरांतील हत्यारें व यंत्रें पुसून त्यांस हळदकुंकू वाहतों. त्या प्रसंगानंतर आमच्या घरीं एक नवा रिवाज पडला आहे. नवमीच्या आधल्या दिवशीं काका वायरमनला घेऊन शेतावर जातात, अर्थिंग मोजवून घेतात, केबल पाहतात, आणि मग दुसऱ्या दिवशीं मुख्य कळ बंद ठेवून पेटीला फूल वाहिलें जातें. गड्याच्या मुलानें आतां आयटीआयमध्यें वीजतंत्री शाखेंत नांव घातलें आहे. त्याची फी कोणीं भरावी हा प्रश्न आमच्या घरांत निघालाच नाहीं. त्याची आई अजूनही भाजी घेऊन येते, आणि ती आली कीं आमच्या आई आधीं तिला बसावयास पाट देतात व विचारतात, "शेतावर सारें नीट आहे ना? कांहीं चावत-बिवत नाहीं ना?" हा प्रश्न आतां कोणी हंसण्यावारीं नेत नाहीं. वाचकांच्या घरींही तो या आठवड्यांत एकदां विचारला जावा, एवढीच विनंती आहे.